नुवोलारी, कालीपिली आणि १०८९ सीसी: जुन्या इटालियन रेसिंग गाड्यांचा धागा

पाना_पक्कड

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा बरीच हळहळ झाली, फोटो फिरले, आठवणी निघाल्या. त्यात एक गोष्ट माझ्या तरी वाचनात आली नाही, म्हणून हा धागा. त्या टॅक्सीच्या बॉनेटखालचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या इंजिनावर १९४७ साली ताझियो नुवोलारी हा इटालियन रेसर मिले मिलिया ही इटलीतली रस्त्यांवरची लांब पल्ल्याची शर्यत जिंकता जिंकता राहिला.

आकडे आधीच देतो: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी, चार सिलिंडर, १०८९ सीसी. फियाटचा इंजिनिअर दान्ते जाकोसा याच्या हाताखाली हे इंजिन १९३७ मध्ये आलं. युद्ध संपल्यावर तुरिनचा एक उद्योगपती, पिएरो दुसिओ, याला रेसिंग गाड्या बनवायची हुक्की आली. इटलीत तेव्हा कच्चा माल नव्हता, पेट्रोलची बोंब होती. नवं इंजिन घडवायला वेळ आणि पैसा कुठून आणणार? त्याने सरळ फियाट ११०० चं इंजिन उचललं, कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर बदलले आणि बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात बसवलं. गाडीचं नाव चिसितालिया २०२. ताकद साठेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजची ऑफिसला नेण्याची हॅचबॅक देते तेवढीच.

नुवोलारी त्या वेळी ५४ वर्षांचा. फुप्फुसं पार खराब झालेली. दोन मुलगे होते, दोघेही ऐन अठराव्या वर्षी गेले, धाकटा तर आदल्याच वर्षी. समोर क्लेमेंते बिओंदेत्ती, त्याच्याकडे २.९ लिटरची अल्फा रोमिओ ८सी. त्या वर्षी सुपरचार्जरला (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाला) बंदी होती म्हणून अल्फाचे सुपरचार्जर काढलेले, पण इंजिन तरीही अडीचपटीहून मोठं. आणि रोमला पोचले तेव्हा पुढे कोण, तर नुवोलारी!

मग शेवटच्या टप्प्यात उत्तरेच्या मैदानात पावसाने झोडपलं. उघडी गाडी, पाणी इग्निशनमध्ये शिरलं, इंजिन बंद. ते सुकवून पुन्हा सुरू करेपर्यंत बिओंदेत्ती निघून गेला. सोळा तासांहून जास्त चाललेली शर्यत, आणि फरक पाव तासाच्या आसपास. तिसरी आणि चौथी गाडीसुद्धा चिसितालियाच होती, हे मुद्दाम सांगतो.

या गाड्यांनी मला वेड लावलं ते याच्यामुळे. हातात फार काही नसताना डोकेबाज माणसांनी काय वाट काढली, ते पत्र्याच्या प्रत्येक वळणात दिसतं. मी म्युनिकला असतो, जमेल त्या जूनमध्ये ब्रेनरची खिंड ओलांडून ब्रेशियाला जातो, मिले मिलिया तिथूनच सुटते. ज्यांनी अशा गाड्या पाहिल्यात, ज्यांना पाहायच्यात आणि ज्यांना नुसतंच भांडायचंय, सगळ्यांनी या.

---

कुर्ला_पश्चिम

धागा वाचून खुर्चीत सरसावून बसलो. आमचे वडील फियाट बनवणाऱ्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे फियाट म्हणजे घरातलंच माणूस. 'डुक्कर फियाट' माहितीये ना? पुढचं तोंड पाहिलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नसे. मग डिलाइट, मग १९७२ ला प्रेसिडेंट, १९७४ ला पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, पुढच्या सलग सीटवर तिघं, लग्नाच्या सीझनला चौघं.

पण एक आक्षेप. "तेच इंजिन" असं ऐकायला छान वाटतं हो. पद्मिनीच्या इंजिनात आणि नुवोलारीच्या इंजिनात कित्येक वर्षांच्या सुधारणा आणि एक समुद्र आहे. उद्या लोक म्हणतील टॅक्सीवाले मिले मिलिया जिंकत होते.

---

पाना_पक्कड

@कुर्ला_पश्चिम, म्हणून तर 'घराणं' म्हटलं, 'तेच' म्हटलं नाही. १९५३ ला ११००/१०३ आली तेव्हा वेगळा सांगाडा जाऊन एकसंध बॉडी झाली, इंजिनात सुधारणा झाल्या, पण बोअर-स्ट्रोक तेच राहिलं. आणि तुमच्या माहितीसाठी, ती १०३ सुद्धा मिले मिलियात धावली आहे. म्हणजे डुक्कर फियाटची सख्खी बहीण ब्रेशियाच्या रॅम्पवरून सुटलेली आहे. वडिलांना सांगा.

---

कुर्ला_पश्चिम

वडील नाहीत आता, पण सांगितल्यासारखंच आहे. आक्षेप कायम, आनंदही कायम.

---

रोहिणी_म

नुवोलारीला हरवणाऱ्या त्या अल्फाबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी बोलते. मेकॅनिकल वाली आहे, सहन करा.

मिलानजवळ आरेसेला अल्फाचं म्युझियम आहे. तिथे ८सी २९०० बी ची ले मान्स कूपे उभी आहे. १९३८ ला रेमाँ सॉमेर आणि बिओंदेत्तीने ती फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पळवली. कित्येक फेऱ्यांची आघाडी घेतली, आधी टायर फुटला, मग इंजिनाने दगा दिला, शर्यत अर्धवट. आकार पाहा तिचा: मागचा भाग शेवटपर्यंत हळूहळू निमुळता होत जातो. हवेला मागे भोवरा करायला जागाच द्यायची नाही, हे १९३८ मध्ये!

इंजिन वित्तोरिओ यानो या इंजिनिअरचं. सरळ आठ सिलिंडर एका ओळीत म्हटलं की क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) लांबलचक होणार, आणि लांब दांडा पिळला जातो, थरथरतो. यानोने काय केलं, तर चार-चारचे दोन ब्लॉक केले आणि मध्ये गिअरची माळ घातली. त्याच माळेवर वरचे दोन कॅमशाफ्ट आणि बाजूचे सुपरचार्जर चालतात. टोकाकडून फिरवण्याऐवजी मधून फिरवल्यामुळे प्रत्येक दांड्याची मोकळी लांबी अर्धी झाली, पिळवटणं कमी झालं. बॉनेट उघडं असलेली एखादी ८सी दिसली तर मधोमध पाहा, दोन ब्लॉकच्या मधला उभा भाग स्पष्ट दिसतो.

आणि बॉडी मिलानच्या तूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची, 'सुपरलेजेरा' पद्धतीची. करंगळीएवढ्या पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर हाताने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या हवेत एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खात जातं, म्हणून मध्ये कापड घालायचे. दुरुस्तीला गेलेल्या गाडीचा पत्रा उचलला की कुजकं कापड आणि पांढरी भुकटी निघते. कोकणातल्या हवेत अशी गाडी किती टिकली असती याचा विचार करून मला हसू येतं.

---

अडकित्ता

रोहिणीताई, दंडवत. तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवायला असतात तर आमची केटी लागली नसती.

---

चिंचोके

सगळ्यांच्या रंगात भंग करतो, माफ करा. हे सगळं कौतुक श्रीमंतांच्या खेळण्यांचं चाललंय. २०१८ ला फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, त्या वेळच्या भावाने साधारण ३४० कोटी रुपये. एवढ्यात तालुक्याला हॉस्पिटल होतं. गाडी विकत घेऊन वातानुकूलित गोदामात ठेवायची आणि दहा वर्षांनी पुन्हा विकायची. यात शर्यत कुठेय, आवड कुठेय?

---

भातुकली

@चिंचोके, किमतीबद्दल सहमत. पण त्याच जीटीओची दुसरी गोष्ट ऐका. १९६२ ते ६४ मध्ये मिळून ३६ बनवल्या. तीन लिटरचा व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडर), सुमारे ३०० हॉर्सपॉवर. पण शर्यतीची गाडी दोन-तीन वर्षांत जुनी होते आणि जुनी रेसिंग गाडी म्हणजे निव्वळ त्रास. घरी नेता येत नाही, सामान ठेवायला जागा नाही, आवाजाने शेजारी उठतात. त्यातली एक, ३५८९ जीटी, १९६४ मध्ये टेक्सासच्या व्हिक्टोरिया हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली. पोरं त्यावर ऑटो दुरुस्ती शिकायची! १९७२ ला शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकली. नव्या मालकाने ओहायोत ट्रेलरवर चढवून उघड्या शेतात ठेवून दिली, आणि ती तिथेच कित्येक वर्षं ऊन-पावसात उभी होती.

मला तर ती शाळेची वर्षं सगळ्यात आवडतात. निदान कुणीतरी हाताला ग्रीस लावून तिच्याखाली शिरत होतं.

---

चिंचोके

ही गोष्ट आवडली. किमतीबद्दलचं मत जिथल्या तिथे.

---

पाना_पक्कड

किमतीचा आणखी एक दुष्परिणाम झालाय. जीटीओचे भाव आकाशाला भिडल्यावर लोकांनी २५० जीटीई नावाच्या चार सीटच्या साध्या फेरारी घेतल्या, कापल्या आणि त्यांच्या सांगाड्या-इंजिनांवर नकली जीटीओ उभ्या केल्या. एक खरी चांगली गाडी मारून एक खोटी जन्माला घातली. आज जीटीईच दुर्मीळ होत चालल्यात, आणि आता त्यांचेही भाव चढलेत. घ्या!

'ओरिजिनल' म्हणजे काय हा प्रश्न तर सुटतच नाही. शर्यतीच्या काळात कारखाने इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, अगदी नंबरच्या पट्ट्यासुद्धा सर्रास अदलाबदल करायचे. त्यांना इतिहास जपायचा नव्हता, येत्या रविवारी जिंकायचं होतं. मला स्वतःला चकचकीत करून ठेवलेली गाडी बघवत नाही. कारखान्यातून निघाली तेव्हाही या गाड्यांचे दरवाजे कुणी सारखे बसवले नव्हते. एका बाजूचा फटीतून बोट जाईल आणि दुसऱ्या बाजूचा घासेल, हेच तिचं खरं रूप. आता अमेरिकेत नेऊन दोन्ही फटी मिलिमीटरने सारख्या करतात आणि बक्षीस मिळवतात.

---

रोहिणी_म

इथे मात्र माझं पाना_पक्कडशी जमत नाही. थकलेलं, भेगा पडलेलं मॅग्नेशियमचं चाक 'मूळचं' म्हणून जपणं हा मूर्खपणा आहे. बसणाऱ्याचा जीव मोलाचा. पत्र्याला हात लावू नका, पण अ‍ॅक्सल, चाक, ब्रेक नवे घाला आणि गाडी पळवा. नुवोलारीच्या मेकॅनिकनेही तेच केलं असतं.

---

मांडवीकर

गोव्यातून नमस्कार. प्रश्न अगदी प्राथमिक आहे, हसू नका. आताची मिले मिलिया ही खरीच शर्यत असते का? एवढ्या किमती गाड्या खरंच हाणतात का हे लोक?

---

पाना_पक्कड

@मांडवीकर, छान प्रश्न. मूळची शर्यत १९२७ ते १९५७. ब्रेशियाहून निघायचं, रोमला जायचं आणि परत ब्रेशिया. सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे साधारण एक हजार मैल, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवर. पहिली जिंकली ब्रेशियाच्याच ओएम कंपनीच्या गाडीने, तासाला ७७ किमीच्या सरासरीने. १९५५ ला ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसने मर्सिडीजमध्ये तेच अंतर १० तास ७ मिनिटांत काटलं, सरासरी १५७! गाडीचा नंबर ७२२, कारण सुटायची वेळ सकाळी ७:२२. मर्सिडीज असल्यामुळे या धाग्यात तिला एवढीच जागा.

आताची असते ती नियमितपणाची स्पर्धा. अमुक अंतर अमुक सेकंदांत तोडायचं. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात, पुढचं चाक नळीवर चढलं की घड्याळ थांबतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात हिशेब, लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. गाडी मात्र जुन्या शर्यतीत धावलेल्या मॉडेलचीच लागते.

सगळ्यात मजा सुरुवातीच्या आधी, ब्रेशियातल्या पियाझ्झा वित्तोरिया या चौकात. प्रत्येक गाडी तपासून तिच्या स्टिअरिंगच्या दांड्याला तारेने शिशाचं सील ठोकतात. एकदा मी एका अल्फा ६सी १७५० च्या अगदी शेजारी उभा होतो. मालकीणबाई साठीच्या, हातात काळपट फडकं. चाकाच्या मध्यावरची पंखाची मोठी नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून घट्ट करत होत्या, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, कान लावून आवाज ऐकत. सील ठोकणारा माणूस त्यांचं होईपर्यंत चिमटा हातात धरून मुकाट उभा होता. मी आत डोकावलो. उजव्या हाताचं स्टिअरिंग (त्या काळच्या भारी इटालियन गाड्या बहुतेक अशाच, आपल्याला एकदम घरच्यासारखं वाटतं) आणि खाली पाहिलं तर अ‍ॅक्सिलरेटर मधोमध! डावीकडे क्लच, मध्ये अ‍ॅक्सिलरेटर, उजवीकडे ब्रेक. म्हटलं, चुकून बसायला दिलं तरी नको रे बाबा.

---

कुर्ला_पश्चिम

मधला अ‍ॅक्सिलरेटर! घाबरून ब्रेकसाठी पाय टाकला की गाडी पुढे. हे लोक जिवंत कसे राहिले?

---

रोहिणी_म

सगळे राहिले नाहीत. हा धागा नुसता कौतुकाचा होऊ नये म्हणून लिहिते.

१२ मे १९५७. शर्यत संपायला थोडंच अंतर उरलेलं. गुइदिझ्झोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर अल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारी ३३५ एस चा टायर फुटला. गाडी प्रेक्षकांत घुसली. पोर्तागो, शेजारी बसलेला एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेचे नऊ जण गेले, त्यात पाच लहान मुलं. रस्ता आणि माणसं यांच्यामध्ये काही म्हणजे काही नव्हतं. एन्झो फेरारीवर खटला चालला, तो १९६१ मध्ये निर्दोष सुटला. मिले मिलिया त्या दिवसानंतर शर्यत म्हणून उरली नाही.

मी त्या रस्त्याने गेले आहे. दोन्ही बाजूंना शेतं, अगदी साधा रस्ता. तिथे स्मारक आहे, नावं लिहिलेली आहेत. लिलावाच्या पुस्तकात "भव्य इतिहास" असं छापतात तेव्हा मला ती नावं आठवतात. गाड्या मला आवडतात, आवडणार. पण ती शर्यत बंद पडली हे योग्यच झालं, आणि खरं तर आधीच पडायला हवी होती. १९३८ लाही बोलोन्यात मुलं मेली होती आणि पुढच्या वर्षी शर्यत भरली नव्हती. कुणी धडा घेतला?

---

भातुकली

+१. प्रत्येक शब्दाशी सहमत.

---

चिंचोके

या प्रतिसादासाठी धाग्यावर थांबल्याचं सार्थक झालं.

---

मांडवीकर

खिन्न झालो. तरी विचारतो, तुमची प्रत्येकाची आवडती एक गाडी कोणती? एकच सांगायची, आणि का ते सांगायचं.

---

भातुकली

माझी मासेराती २५०एफ, फॉर्म्युला वनची गाडी. पुढचं लांब नाक, मागे फुगीर शेपूट, मध्ये माणूस कसाबसा मावतो. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग ट्रॅक. अर्जेंटिनाच्या फान्जिओने मुद्दाम अर्ध्या टाकीने सुरुवात केली, मध्ये थांबून पेट्रोल-टायर घ्यायचं ठरलेलं. थांबला तिथे मेकॅनिकांचा गोंधळ झाला, मिळवलेली आघाडी गेली आणि हॉथॉर्न-कॉलिन्सच्या फेरारी पाऊण मिनिटाहून पुढे निघून गेल्या. मग त्या माणसाने फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांनाही गाठलं. वय ४६. पाचवं जगज्जेतेपद तिथेच पक्कं झालं. आणि याच मॉडेलच्या गाडीतून १९५८ मध्ये मारिया तेरेसा दे फिलिप्पिस ही फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत उतरलेली पहिली स्त्री ठरली. एकाच गाडीकडून आणखी काय हवं?

---

रोहिणी_म

लान्चिया डी५०. पुन्हा यानोच! पेट्रोलच्या टाक्या मागे न ठेवता पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लटकवल्या. मागे टाकी असली की पेट्रोल संपत जातं तसा मागचा भाग हलका होतो आणि गाडीचा स्वभाव बदलतो. इथे वजन मध्येच, त्यामुळे पहिली फेरी आणि शेवटची फेरी जवळपास सारखी. शिवाय इंजिन हाच सांगाड्याचा भाग. १९५५ ला मोनाकोत इटालियन रेसर आस्कारी हीच गाडी घेऊन थेट समुद्रात गेला, पोहत बाहेर आला आणि चारच दिवसांनी मोंझाच्या ट्रॅकवर फेरारी चालवताना गेला. लान्चियाकडे पैसेही संपले होते, त्यांनी सगळ्या गाड्या फेरारीला देऊन टाकल्या. १९५६ ला फान्जिओने जेतेपद मिळवलं ते याच गाड्यांवर. फेरारीने त्या बाजूच्या टाक्यांची मूळ कल्पनाच हळूहळू मोडीत काढली, याचा राग मला अजून आहे.

---

अडकित्ता

आमची आवड साधी आहे. कुठलीही चालेल, फक्त एरंडेलाचा वास हवा. थट्टा नाही, त्या काळी रेसिंगच्या इंजिनात एरंडेल तेलाचं वंगण घालायचे, कारण कितीही तापलं तरी त्याचा थर टिकतो. लहानपणी आजी चमचा घेऊन मागे लागायची तेव्हा कुणी सांगितलं असतं की फेरारीवालेही हेच पितात, तर आम्ही निमूट प्यायलो असतो.

---

कुर्ला_पश्चिम

माझी चिसितालिया. धागाकर्त्याने लिहायची विसरलेली एक गोष्ट: पिनिन फारिनाने काढलेली २०२ कूपे १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली होती, आणि पुढे एक गाडी त्यांच्या कायमच्या संग्रहात गेली. म्हणजे एक भाऊबंद न्यूयॉर्कच्या कलादालनात आणि दुसरा दादर स्टेशनबाहेर भाडं नाकारत उभा.

---

पाना_पक्कड

@कुर्ला_पश्चिम, तुमचा आक्षेप विरघळला वाटतं!

---

कुर्ला_पश्चिम

इंजिनाचा आक्षेप आहेच. भावनेचा नाही.

---

मांडवीकर

पुढच्या वर्षी मुलीकडे मिलानला जाणार आहे. तिकीट काढून, रांगा लावून कंटाळा येणार नाही अशा जागा सुचवा. बायको सोबत असेल आणि तिला गाड्यांत काडीचाही रस नाही.

---

पाना_पक्कड

मिलानहून आरेसे जवळ, रोहिणीची कूपे तिथेच. ब्रेशियात सांत'एउफेमियाच्या जुन्या मठात मिले मिलियाचं म्युझियम आहे. मांतुआला नुवोलारीचं आहे, त्यात कवी दान्नुंझिओने त्याला दिलेल्या सोन्याच्या कासवाची गोष्ट नक्की ऐका. सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात संथ प्राणी भेट, आणि नुवोलारी पुढे ते चिन्ह अंगावर मिरवायचा.

वहिनींसाठी मोदेनाबाहेर पानिनी कुटुंबाचं शेत. मासेरातींचा अप्रतिम संग्रह आहे, आणि त्याच आवारात गाईंचे गोठे आणि पार्मिजानो चीज बनवायचा कारखाना. तिथे 'एल्दोरादो' नावाची पांढरी मासेराती आहे. १९५८ ला एका आइस्क्रीम कंपनीच्या पैशावर मोंझाच्या तिरक्या ट्रॅकवर धावली. मॉस चालवत होता, भर वेगात स्टिअरिंग तुटलं, तरी धडधाकट बाहेर आला. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या, ते काम करतं शेत आहे.

---

मांडवीकर

चीज म्हटल्यावर बायको तयार झाली. आता तीच विचारतेय, गोठ्यात किती गाई आहेत?

---

अडकित्ता

गाईंचे चॅसी नंबर जुळतात का तेवढं बघून या.